गाडा शिवेपर्यंतच जातो
पटकीची दोनशे वर्षं: एक आढावा

वऱ्हाडातल्या जुन्या गावांत वस्तीच्या कडेला, लिंबाखाली, शेंदूर फासलेला एखादा दगड दिसतो. ती मरीमाय. घाटावर तिला मरीआई म्हणतात, मुंबई-कोकणाकडे जरीमरी. गावात ढाळवांतीची साथ शिरली आणि एकाच घरातून दुसरी तिरडी उठली की हिचा गाडा काढायचं ठरे. घरटी वर्गणी निघे. छोटा लाकडी गाडा, त्यात हिरवं लुगडं-चोळी, बांगड्या, लिंबं, नारळ, कधी कोंबडं आणि पुढे डफडं. वाजतगाजत तो शिवेपर्यंत न्यायचा, पलीकडे सारायचा आणि मागे न बघता परत फिरायचं. पलीकडच्या गावाने तो त्याच्या पुढच्या शिवेवर पोचवायचा. काही ठिकाणी पलीकडचे लोक काठ्या घेऊन शिवेवर उभे राहत, कारण गाडा आपल्या हद्दीत थांबला तर रोगही थांबला, अशी समजूत.

या प्रथेत एक निरीक्षण अगदी बरोबर होतं. हा रोग वाटेने चालत येतो, माणसांच्या पायांबरोबर येतो, हे शहाण्यासुरत्या डॉक्टरांनी मान्य करायच्या कितीतरी आधी गावांनी ओळखलं होतं. चूक पुढच्या पायरीवर झाली. आलेला रोग शेजाऱ्याकडे सारला की आपण सुटलो, असं धरलं गेलं. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, दोनशे वर्षांचा इतिहास चाळताना लक्षात येतं की हा गाडा खेड्यातल्या अडाण्यांनीच ढकलला असं नाही. सरकारांनी ढकलला, विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी ढकलला, आंतरराष्ट्रीय संस्थांनी ढकलला. रोग मात्र तिथूनच हटला जिथे कुणीतरी शिवेकडे पाहायचं सोडून विहिरीकडे पाहिलं.

मोडशी, पटकी, महामारी

अपचन होऊन मळमळू लागलं की ‘मोडशी झाली’ म्हणणारी माणसं अजून भेटतात. हा शब्द एकेकाळी फार भयंकर होता. १५४३ मध्ये गोव्यात आलेल्या साथीचं वर्णन गास्पार कोरैया या पोर्तुगीज बखरकाराने करून ठेवलं आहे आणि तिथल्या लोकांनी सांगितलेलं रोगाचं नाव त्याने ‘मोरशी’च्या जवळपास लिहून घेतलं. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला, त्यातही या रोगावर प्रकरण आहे. पोर्तुगिजांच्या तोंडी मोडशीचं ‘मोर्देशीं’ झालं आणि फ्रेंचांनी ते ऐकून ‘मोर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचं मरण’, केलं. युरोपच्या वैद्यकात हा रोग अशा रीतीने आपल्या किनाऱ्याच्या शब्दावर बसून गेला.

पटकी हा शब्दही जनमानसात रुजला. सकाळी शेतात गेलेला माणूस रात्री सरणावर, असा हा रोग. ‘तुझ्यावर पटकी पडो’ ही शिवी त्या काळाची साक्ष आहे. शिवी देणाऱ्यांना आता तिचा अर्थ ठाऊक नसतो एवढंच.

सैन्याची वाट

साथी आधीही येत होत्या. पण जगभर फिरणारी पहिली साथ १८१७ च्या पावसाळ्यात बंगालमधल्या जेसोरला उफाळली. नोव्हेंबरमध्ये ती बुंदेलखंडात पेंढाऱ्यांच्या पाठलागावर निघालेल्या गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली आणि तिथे काही दिवसांत हजारो शिपाई, नोकर आणि बाजारबुणगे दगावले. त्याच महिन्याच्या ५ तारखेला खडकीची लढाई झाली. आपण १८१८ हे पेशवाई बुडाल्याचं साल म्हणून पाठ करतो. ते महाराष्ट्रभर पटकी पसरल्याचंही साल आहे. मे १८१८ मध्ये ती नागपुरात होती. तिथून जालना, औरंगाबाद, अहमदनगर, शिरूर, पुणे असं करत ऑगस्टमध्ये मुंबईत पोचली. नागपूर ते जालना ही वाट नकाशावर बोटाने आखून पाहिली तर मधे वऱ्हाडच येतं. कंपनीच्या पलटणी, बैलांचे तांडे आणि पळापळ करणारे लोक ज्या वाटांनी गेले, त्याच वाटांनी ती गेली. मुंबईहून जहाजं होतीच. १८३१-३२ पर्यंत ती रशियातून इंग्लंडात उतरली होती.

वऱ्हाडाने सगळ्यात वाईट दिवस पाहिले ते १८९९-१९०० च्या, ‘छप्पनच्या’ म्हटल्या जाणाऱ्या दुष्काळात. १८९९ चा पाऊस गेला, विहिरी आटल्या, कामावर आणि अन्नछत्रांवर लोकांची गर्दी झाली आणि उरल्यासुरल्या पाण्यावर सगळेच तुटून पडले. १९०० साली इंग्रजी हिंदुस्थानात एकट्या पटकीने सुमारे ८ लाख बळी घेतले. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडाची लोकसंख्या २८ लाख ९७ हजारांवर होती, १९०१ मध्ये ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढायच्या जागी दीड लाखाच्या आसपास माणूस कमी झाला. भूक आणि रोग यांचा हिशेब इथे वेगळा मांडता येत नाही. उपाशी माणसाच्या पोटात आम्ल कमी, आणि पटकीचा जंतू मारणारा पहिला पहारेकरी म्हणजे पोटातलं आम्ल.

हवेवर ढकललेला गाडा

एवढे लोक मरत असताना शास्त्र काय म्हणत होतं? बहुतेक मोठे डॉक्टर म्हणत होते की रोग घाणेरड्या हवेतून होतो. लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरने १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरातले मृत्यू घरोघर जाऊन मोजले, बहुतेक घरं एकाच हातपंपाचं पाणी पीत होती हे दाखवलं आणि ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढायला लावला. ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही सांगितली जाते. स्नोचं खरं मोठं काम दुसरं होतं. लंडनच्या दक्षिण भागात एकाच गल्लीत दोन कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी शहराची घाण मिसळल्यावरचं थेम्सचं पाणी द्यायची, दुसरी वरच्या अंगाचं. हवा दोन्ही घरांची एकच. मृत्यू मात्र घाणेरड्या पाण्याच्या घरांत कितीतरी पटीने जास्त. त्याच वर्षी इटलीत फिलिप्पो पाचीनीने सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पाहिला. दोघांकडेही कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

हिंदुस्थानात हवेचा सिद्धांत टिकला त्याला निराळं कारण होतं. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला. रोग माणसामाणसांतून, पाण्यातून पसरतो असं कबूल केलं तर मुंबईहून निघालेलं प्रत्येक जहाज अडवावं लागणार, व्यापार खोळंबणार. सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम यांनी हवा-हंगामाचीच बाजू लावून धरली. रॉबर्ट कॉखने १८८३-८४ मध्ये आधी इजिप्तमध्ये शोध घेऊन मग कलकत्त्यात जंतू वेगळा काढून दाखवला, साथ असलेल्या वस्तीच्या तळ्याच्या पाण्यातही तो सापडला. तेव्हा ब्रिटिशांनी त्याचं म्हणणं खोडायला एमानुएल क्लाइन यांना पाठवलं. दुसरीकडे युरोपातले देश हिंदुस्थानच्या यात्रांकडे बोट दाखवत होते. जत्रेकरू दोषी ठरला, नळ कुणी घातला नाही हा प्रश्न मागे राहिला. पंढरीच्या वाऱ्यांनी या काळात पटकीचे असंख्य बळी दिले. वारकऱ्यांचं पाप इतकंच होतं की हजारोंच्या संख्येने ते जिथे जमत तिथे प्यायला आणि धुवायला एकच नदी होती.

पाण्याचा पुरावा १८९२ मध्ये जर्मनीत इतका ढळढळीत मिळाला की वाद संपायला हवा होता. हँबुर्ग आणि आल्टोना ही एकमेकांना खेटून असलेली शहरं. दोन्ही एल्ब नदीचं पाणी पीत. आल्टोना ते वाळूतून गाळून घेई, हँबुर्ग तसंच पिई. हँबुर्गमध्ये साडेआठ हजारांच्या आसपास माणसं मेली, आल्टोनात तुलनेने नगण्य. कुठे कुठे तर रस्त्याच्या एका बाजूला पटकी आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. म्हणजे शीव खरोखर रोग अडवू शकते, फक्त ती पाण्याच्या नळाची असायला हवी. तरीही म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर या वयोवृद्ध प्राध्यापकाने त्याच वर्षी जंतूंचं मिश्रण सगळ्यांदेखत पिऊन दाखवलं. त्याला थोडी हगवण लागली, तो वाचला, आणि आपलंच खरं असं मानत राहिला.

त्याच्या वाचण्यातही धडा होता. जंतू पोटात गेलेल्यांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही किंवा साधी हगवण लागते, पण ते जंतू बाहेर टाकत राहतात. रोगी ओळखून त्याला वेशीवर अडवू म्हणणाऱ्या प्रत्येक उपायाची फसगत इथे होते. ज्याला अडवायचं तो आजारी दिसतच नाही.

सुई आणि सलाईन

लस हा पुढचा टप्पा. वाल्डेमार हाफकिनने जुलै १८९२ मध्ये पॅरिसला पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये तो कलकत्त्यात आला. हजारो लोकांना त्याने ती टोचली. पुढे प्लेगसाठी त्याला मुंबईने बोलावलं, परळची प्रयोगशाळा उभी राहिली आणि १९२५ पासून तिला त्याचं नाव मिळालं. वारीला निघालेल्यांनी ‘पटकीची सुई’ टोचून घेतल्याच्या आठवणी घरोघरच्या म्हाताऱ्यांनी सांगितल्या आहेत. ती सुई दुखायची, दंड सुजायचा आणि संरक्षण मात्र थोडेच महिने टिकायचं. आता तोंडाने घ्यायच्या लसी आहेत, त्या आपल्या हैदराबादेतही तयार झाल्या. पण मागणी इतकी की ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला साथीच्या वेळी दोनऐवजी एकाच डोसावर भागवावं लागलं. लस सवड मिळवून देते. त्या सवडीत नळ घालायचा असतो.

उपचाराची कथा याहून रोचक आहे. पटकीत माणूस मरतो तो पाणी आणि क्षार निघून गेल्याने. ताशी एक लिटरपर्यंत तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. डोळे खोल जातात, आवाज बसतो, बोटांची कातडी सुरकुतते. १८३१-३२ मध्ये विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने रोग्यांच्या रक्तातून पाणी आणि मीठ गेल्याचं दाखवलं आणि १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या थॉमस लाटाने मीठपाणी थेट शिरेत सोडलं. मरणाच्या दारातली बाई उठून बसली. मग ती पुन्हा ढासळली, कारण जुलाब चालूच होते आणि पाणी एकदाच दिलं होतं. वैद्यकाने यातून ‘उपाय फसला’ एवढंच घेतलं आणि त्यानंतर कित्येक दशकं रोग्यांची रक्तं काढली, पारा दिला, प्यायला पाणी मागितलं तर तेही नाकारलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सने सलाईन पुन्हा आणलं तेव्हा मृत्यू निम्म्यावर आले.

पुढचा दुवा कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांचा. १९५९ मध्ये त्यांनी दाखवलं की जंतू गाळून काढलेल्या द्रवातही रोग घडवायची ताकद आहे, म्हणजे जंतू एक विष सोडतो. हे विष आतड्याच्या पेशींना मीठ आणि पाणी बाहेर ओतत राहायला लावतं. आतडं सडत नाही, झिजत नाही, फक्त नळाची तोटी उघडी राहिल्यासारखं होतं. आणि त्याच आतड्यात साखरेबरोबर मीठ आत ओढून घेणारी दुसरी वाट शाबूत असते. साखर, मीठ आणि पाणी योग्य प्रमाणात तोंडाने दिलं की गेलेलं परत आत येतं. डे यांना त्यांच्या हयातीत देशाने कुठलाही मोठा सन्मान दिला नाही.

१९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि डॉ. दिलीप महालनोबीस यांच्याकडे सलाईनच्या बाटल्या संपल्या. त्यांनी २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं एका लिटरचं प्रमाण धरून पुड्या बांधल्या, द्रावण ड्रमात भरलं आणि पाजायचं काम आई-बापांवर, भावा-बहिणींवर सोपवलं. शेकडा तीसपर्यंत गेलेलं मृत्यूचं प्रमाण ३.६ वर आलं. जलसंजीवनी या नावाने त्याच तत्त्वावरची पुडी आज अंगणवाडीत आणि आशाताईंच्या पिशवीत असते. वेळेवर उपचार मिळाला तर पटकीने शंभरात एकही मरू नये. न मिळाला तर निम्मे जाऊ शकतात.

लाटाचं सलाईन आणि महालनोबीस यांची पुडी यांच्यामध्ये जवळपास एकशे चाळीस वर्षं आहेत. मीठ, साखर आणि पाणी तर कुठल्याही घरात होतं. एवढा वेळ लागला याचं एक कारण म्हणजे घरच्या माणसाच्या हातून, वाटीने पाजून इतका मोठा रोग बरा होईल यावर डॉक्टरांचाच विश्वास बसत नव्हता. तो पुरता बसलेला आजही नाही. जुलाब लागले की ‘डॉक्टर, एक सलाईन लावून द्या’ हा आग्रह आपल्याकडे रुग्णही धरतो आणि दवाखानाही मोडत नाही. पिऊ शकणाऱ्या रोग्याला पुडी पुरते. सलाईन हवं ते ज्याला पिणंही जमत नाही त्याला, आणि त्याला ते घाईने हवं.

खारं पाणी, गोडं पाणी

पुडी रोगी वाचवते, साथ मात्र पाण्यातून येते. म्हणून आता वऱ्हाडातल्या, अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीकडे येऊ. पूर्णेच्या गाळाच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून जवळपास नऊशे गावं खारपाणपट्ट्यात मोडतात. भातकुली त्यातलाच तालुका. इथे विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. त्यामुळे प्यायचं पाणी दुरून, धरणावरून, नळाने येतं. दर्यापूर-अंजनगावकडच्या गावांना शहानूर धरणाचा आधार आहे. ज्या गावाला पर्यायी गोडी विहीर नाही त्याचा सगळा जीव एका नळावर टांगलेला असतो. नळ बंद पडला की टँकर, नदीचा डोह किंवा शेतातलं मिळेल ते पाणी. नळ सुरू असतो तेव्हाही तो चोवीस तास नसतो. पाणी थांबलं की पाइप रिकामा होतो आणि फुटक्या सांध्यातून शेजारच्या नालीचं पाणी आत ओढतो. प्रत्येक घराने टिल्लू पंप लावला की ही ओढ आणखी वाढते. म्हणून पहिला पाऊस पडल्यावर गावात जुलाब सुरू होतात.

याच तालुक्यात पूर्णेकाठी ऋणमोचन आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. डेबूजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, तिथेच आधी हातात खराटा घेऊन उभे राहिले. लोक नदीत बुडी मारून ऋणमुक्त होत असताना बाबा काठ झाडत होते, चिखलातून म्हाताऱ्यांना वाट करून देत होते. पुढे तिथे त्यांनी घाट बांधून घेतला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा उभारल्या. यात्रेतला माणूस नदीच्या वाळूत उघड्यावर पडणार नाही, अशी सोय करणं म्हणजे पटकीवरचा एक मोठा उपाय, हे त्यांनी त्या रोगाचं पुस्तक न वाचता केलं. देवीपुढे बकरं मारण्याविरुद्ध ते आयुष्यभर कीर्तनातून बोलले. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. तीच पेढी भातकुलीकडे वाहत येते. २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं गेलं, ते योग्यच झालं.

भातकुली हे जैनांचं तीर्थक्षेत्रही आहे. पाणी गाळून पिण्याचा जैनांचा नेम जीवदयेतून आला. पण २००३ मध्ये बांगलादेशातल्या मतलब भागाचा अभ्यास प्रसिद्ध झाला: घड्या घातलेल्या जुन्या सुती साडीतून पाणी गाळलं तर पटकीचे रोगी जवळपास निम्म्याने घटतात. पटकीचा जंतू पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी जिवांना चिकटून राहतो आणि ते जीव फडक्यात अडकतात. मोकळे जंतू मात्र निघून जातात, म्हणून फडक्यानंतर क्लोरीन किंवा उकळी हवीच.

जुलै २०२२

पटकी इतिहासजमा झाली असं समजणाऱ्यांना याच जिल्ह्याने जागं केलं. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी, कोयलारी आणि घाणा या गावांत आणि अमरावती तालुक्यातल्या नया अकोल्यात पटकीची साथ आली. महिन्याच्या मध्यापर्यंत १८१ रुग्ण आणि ५ मृत्यूंची नोंद झाली. चिखलदऱ्याच्या, म्हणजे मेळघाटातल्या, गावांत नळयोजना होती. वीजबिल थकलं म्हणून पंपाची वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीचं पाणी पीत होते. पावसाने बाकीचं काम केलं.

स्नोने साथ आवरायला पंपाचा दांडा काढायला लावला. इथे पंपच बंद पडल्याने साथ आली. १८५४ च्या लंडनला ठाऊक नव्हतं ते सगळं २०२२ मध्ये ठाऊक होतं: जंतू, विष, पुडी, क्लोरीन, लस. माहिती होती, थकलेलं बिल कुणी भरायचं हे ठरलं नव्हतं. मोलमजुरीवर जगणाऱ्या कोरकू आदिवासी गावाने पाणीपट्टी भरली नाही हे एक कारण दाखवता येतं. पण गावाची नळयोजना आणि शहरातला रोषणाईचा खांब यांचं बिल एकाच मापाने मोजून वीज तोडणं म्हणजे गाडा पुढच्या टेबलावर सारणंच आहे.

आणखी एक गाडा आपण रोज ढकलतो, तो शब्दाचा. जुलाबाच्या साथीला सरसकट ‘गॅस्ट्रो’ म्हटलं जातं. शौचाचा नमुना प्रयोगशाळेत गेला नाही तर पटकी कधी पटकी ठरतच नाही. ही सवय आपलीच नाही. २०१० मध्ये हैतीत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरची घाण नदीत गेली, त्यातून उठलेल्या साथीत आठ लाखांवर लोक आजारी पडले, दहा हजारांच्या आसपास मेले. आपला त्यात वाटा होता हे कबूल करायला त्या संस्थेला २०१६ उजाडावं लागलं.

पटकीने वैद्यकाला सूक्ष्मजंतू दाखवला, शिरेतून द्रव देणं शिकवलं, घरोघर मोजून रोगाचं मूळ शोधायची रीत दिली. डॉक्टरांना तिने नम्र व्हायलाही शिकवलं, कारण तिला हरवण्यात गवंडी, नळवाला आणि पुडी पाजणारी आई यांचा वाटा डॉक्टरपेक्षा मोठा निघाला. गावापुरतं बोलायचं तर हे ज्ञान पाणी शुद्ध करणाऱ्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीच्या एका पिशवीत मावतं. ती पिशवी कोरड्या जागी आहे का, जलसुरक्षकाला ती वेळेवर मिळते का, टोकाच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टचा पिवळा रंग येतो का, गावाला पाण्याच्या पाहणीनंतर आरोग्य खात्याने हिरवं कार्ड दिलंय की लाल, हे ग्रामसभेत विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

आणि एक विषय ग्रामसभेच्या कागदावर कायमचा असावा: नळयोजनेचं वीजबिल किती महिन्यांचं बाकी आहे. मरीमायच्या गाड्यासाठी घरटी वर्गणी निघायची, तेव्हा ज्याच्याकडे पैसा नसे त्याच्या वाट्याचा नारळ गावातलं ऐपतीचं घर देई. गाडा निघायचा थांबत नसे.